पऱ्हाटी छातीला लागल्यावर फवारा मारताना काय बदलायचं?

काळी_माती

पोळा झाला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेच्या वर जाते. दसऱ्यापर्यंत ती छातीला लागते, भारी जमिनीत तर डोक्यालाही. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळी यांचा जोरही त्याच दिवसांत असतो, म्हणून पीक सगळ्यात उंच आणि दाट असतानाच फवारण्या सगळ्यात जास्त होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात याच काळात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. नंतर सरकारने विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ६० दिवसांसाठी पाच औषधांची विक्री थांबवली. प्रोफेनोफॉस + सायपरमेथ्रीन, फिप्रोनिल + इमिडाक्लोप्रिड, अॅसिफेट ७५, डायफेनथ्युरॉन ५० आणि मोनोक्रोटोफॉस ३६ ही ती औषधं.

त्या वर्षानंतर गावोगाव मास्क वाटले गेले. तेव्हापासून बऱ्याच लोकांच्या डोक्यात बसलंय की औषध नाकातून बाधतं, रुमाल बांधला की काम झालं. या समजुतीसाठीच हा धागा काढतोय. पाठीवरच्या पंपाचे बहुतेक थेंब फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक नसतात. ते कपड्यांवर आणि अंगावर बसतात आणि कातडीतून आत जातात. धुरळणी किंवा ब्लोअरची गोष्ट वेगळी, पण कापसातल्या पंपाच्या फवारणीत मुख्य वाट कातडीचीच.

कातडीसुद्धा सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पॅराथिऑन माणसाच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागावर ८.६ टक्के, तळहातावर ११.८, पोटावर १८.४, डोक्याच्या कातडीवर ३२, कपाळावर ३६, कानाच्या आत ४६, काखेत ६४ आणि अंडकोषावर जवळजवळ सगळंच्या सगळं. औषध बदललं की आकडे बदलतील, पण नाजूक जागा त्याच राहतात.

आता छातीएवढ्या पऱ्हाटीत चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. समोर फवारा मारत तो पुढे जातो, म्हणजे आत्ता ओल्या केलेल्या पानांतूनच चालतो. पोट, जांघा, मांड्या सतत घासतात. सुती पँट पहिल्याच पंपाला भिजते आणि संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून राहते. पंपाचं झाकण किंवा नळीचा सांधा पाझरत असेल तर पाठ आणि कंबर वेगळी भिजते. घामाने कातडी ओली आणि गरम झालेली असते, त्यात शोषण आणखी वाढतं.

म्हणून चालण्याची पद्धत आधी बदलायची. वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या बांधापासून सुरुवात करायची, वाऱ्याला आडवं चालायचं आणि दर फेरीला एकेक तास (म्हणजे झाडांची ओळ) वारा येतो त्या बाजूला सरकायचं. लान्स, म्हणजे नोझल असलेली हातातली नळी, समोर डावी-उजवी हलवायची नाही. वाऱ्याखालच्या बाजूला धरून त्याच बाजूच्या तासावर मारायचं. म्हणजे पाय कोरड्या सरीत राहतात आणि तुषार अंगापासून लांब जातात. वेळ जास्त लागतो, हे मान्य. पीक छातीच्या वर गेलं असेल तर आधी शेंडे खुडून घ्या. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पाठीवरच्या पंपाने फवारा मारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कितीही काळजी घेतली तरी चेहरा वाचत नाही.

कोणाला भर घालायची असेल तर जरूर घाला. औषध मोजणं-मिसळणं आणि पंपाचा दाब यावर जाणकारांनी लिहावं.

वऱ्हाडी_रान

धागा कामाचा हाय. एक विचारतो. बॅटरी पंपाले डोस किती घ्यावा? दुकानदार म्हणते पेट्रोल पंपाले तिप्पट असते, तसाच याले बी तिप्पट टाका. गावात बरेच जण तसंच करून राह्यले.

नोझल_आणि_दाब

@वऱ्हाडी_रान, तिप्पट अजिबात टाकू नका. हा गोंधळ कुठून आला ते सांगतो, म्हणजे दुकानदारालाही समजावता येईल.

विद्यापीठाच्या शिफारशीत "१० लिटर पाण्यात अमुक" असं लिहिलेलं असतं. हे प्रमाण हातपंपासाठी असतं आणि त्याला एकरी साधारण २०० लिटर पाणी लागतं. त्याच्या खाली "पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट" ही टीप असते. तिथला पॉवर पंप म्हणजे पंख्याच्या हवेने बारीक धुकं करणारा पेट्रोलचा पंप. तो एकरी पाणीच तिसरा हिस्सा वापरतो, त्यामुळे दर लिटरला औषध तिप्पट घेतलं तरी एकराला पडणारं औषध तेवढंच राहतं. बॅटरी पंपात हवा नाही, फक्त मोटर आहे. तो पाणी हातपंपाएवढंच टाकतो, डबल मोटरचा असेल तर जास्तच. त्यात तिप्पट टाकलं की एकराला तिप्पट औषध गेलं आणि अंगावर पडणारा प्रत्येक थेंबही तिप्पट कडक झाला.

आपला पंप आपल्या चालीने किती पाणी टाकतो ते एकदा मोजून घ्या. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आखा. टाकीत मोजून १० लिटर साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने तेवढा गुंठा मारा, उरलेलं पाणी मोजा. जेवढं खपलं त्याला ४० ने गुणलं की एकराचं पाणी. समजा ५ लिटर खपलं, तर एकरी २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे साधारण सव्वातेरा पंप.

आता औषध. डायफेनथ्युरॉन ५० डब्ल्यूपीची (पाण्यात कालवायच्या पावडरीची) कापसातली मात्रा हेक्टरी ६०० ग्रॅम, म्हणजे एकरी २४०. सव्वातेरा पंपांत वाटली की पंपाला १८ ग्रॅम. हवेच्या पेट्रोल पंपाला एकरी ६७ लिटरच लागतं, म्हणजे साडेचारच्या आसपास टाक्या आणि टाकीला ५४ ग्रॅम. एकराचा आकडा दोन्हीकडे २४० च. बॅटरी पंपात ५४ ग्रॅम टाकलं तर एकराला ७२० ग्रॅम गेले. हिशेब नेहमी एकरापासून सुरू करा आणि पंपापर्यंत या. पंपापासून सुरू केला की चुकतोच.

पीक वाढलं की पाणीही जास्त लागतं, म्हणून हे माप जुलैत एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा घ्यायचं.

नोझलचंही सांगून टाकतो. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला सपाट पंख्याचं किंवा फ्लड जेट. दोन्हीला एकच वापरू नका. दाब वाढवला की थेंब बारीक होतात. १०० मायक्रॉनच्या खालचे थेंब पानावर बसत नाहीत, वाऱ्याबरोबर तरंगत राहतात आणि फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतात. नव्या बॅटरी पंपांना दाबाची चकती असते, ती लोक पूर्ण फिरवून ठेवतात कारण धुकं छान दिसतं. शंकूच्या नोझलला ३ किलोचा दाब पुरतो. नोझल झिजलंय का हे पाहायला नवं आणि जुनं एकेक मिनिट बादलीत सोडा. जुनं दहा टक्क्यांहून जास्त टाकत असेल तर बदला. तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. पाण्यात धरून जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. तारही घालू नका, छिद्र मोठं होतं.

सकाळी टाकी भरण्याआधी साध्या पाण्याने पाच मिनिटं पंप चालवून झाकणाचा वायसर, नळीचे दोन्ही सांधे आणि ट्रिगरचा कॉक बघा. झाकणाचा वायसर काही रुपयांना मिळतो. तो गेला की दिवसभर पाठीवरून औषध ओघळत राहतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

बांधावरची_प्रयोगशाळा

मोजणं-मिसळणं यावर लिहितो. माझ्या मते सगळ्यात धोक्याची पाच मिनिटं हीच आहेत, आणि नेमकं त्याच वेळी हातमोजे घातलेले नसतात, कारण "अजून फवारा सुरू कुठे झालाय".

साधा हिशेब करा. १० लिटरला २० मिली म्हणजे औषध पाचशे पट पातळ झालं. बाटलीतलं १ मिली हातावर सांडलं तर पातळ केलेलं अर्धा लिटर पाणी हातावर ओतल्यासारखं आहे. शिवाय ईसी औषधांत (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या) झायलीनसारखी द्रावकं असतात, ती औषधाला कातडीतून ओढून आत नेतात. सुती हातमोजे इथे घातक, ते शोषून घेतात आणि औषध हाताशी धरून ठेवतात. दवाखान्यातले पातळ रबरी मोजेही ईसीपुढे टिकत नाहीत. कोपराकडे जाणारे, जाड नायट्राईलचे मोजे घ्या. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मगच काढायचे.

मापासाठी झाकण वापरायचं नाही. प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळ्या मापाचं असतं, आणि झाकणाने ओतताना बोटं भिजतातच. १०० मिलीचं खुणांचं प्लास्टिक माप आणि पावडरीसाठी छोटा काटा, दोन्ही फक्त औषधासाठी राखून ठेवा. पावडरीची पुडी दाताने फाडू नका, कात्रीने कोपरा कापा. वारा बाजूने येईल असं उभं राहा, पाठीमागून वारा आला तर समोर भोवरा तयार होऊन पावडर तोंडाकडे फिरते.

मिसळण्याचा क्रम असा. बादलीत निम्मं पाणी घ्या. पावडर किंवा दाणेदार औषध आधी मगभर पाण्यात कालवून त्यात टाका. त्यानंतर एससी (दाट पातळ औषध), मग ईसी, मग एसएल (पाण्यात विरघळणारं), सगळ्यात शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य). प्रत्येक वेळी लांब काठीने ढवळा. हात घालून ढवळणारे अजूनही दिसतात, त्यांना तिथेच थांबवा. टाकी जमिनीवर ठेवून, जाळीतून भरा आणि मानेपर्यंत न भरता चार बोटं खाली ठेवा. वाकल्यावर झाकणातून येणारं पाणी थेट मानेवर पडतं.

आता खरा मुद्दा, कॉकटेलचा. कृषी केंद्रात "तुडतुड्याला हे, अळीला हे, सोबत टॉनिक, सोबत बुरशीनाशक" असे चार-पाच डबे हातात ठेवतात. प्रोफेनोफॉस + सायपरमेथ्रीनच्या तयार मिश्रणाचंच उदाहरण घ्या. सायपरमेथ्रीनसारखी औषधं शरीरात ज्या विकरांनी (एन्झाइमनी) मोडली जातात, त्यातली काही विकरं प्रोफेनोफॉस बंद पाडतं. म्हणून ते मिश्रण अळीवर जोरात चालतं, आणि माणसावरही. त्यात वरून अॅसिफेट टाकलं की तेही प्रोफेनोफॉससारखंच ऑर्गॅनोफॉस्फेट, एकाच ठिकाणी मार करणारं. लेबलवर प्रत्येकाची मात्रा बरोबर असली तरी दोन्हींची बेरीज अंगावर होते. तयार मिश्रणात तिसरं कीटकनाशक घालायचं नाही, एवढा नियम पाळला तरी खूप झालं.

काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं मिसळून अर्धा तास ठेवून बघतात, त्यातून फुटणं, गाळ बसणं, गरम होणं कळतं. माणसाला किती बाधेल ते बरणी सांगत नाही. बोर्डो मिश्रण किंवा चुन्याचं काही असेल तर त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट टाकू नका, अल्कधर्मी पाण्यात ते मोडतं.

तूर_आंतरपीक

फवारणीच्या संरक्षक किटमधला पूर्ण प्लास्टिकचा सूट सप्टेंबरच्या उकाड्यात घालून कोणी तासभरही टिकत नाही. त्याचं काय करायचं?

काळी_माती

बरोबर आहे, सूट घालून माणूस उष्माघाताने पडेल. सगळं अंग झाकायचा हट्ट सोडून जिथे भिजतं ते झाका. घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पँट. त्यावर छातीपासून गुडघ्याखालपर्यंत येणारा प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा एप्रन, कारण पऱ्हाटी पुढूनच घासते. पाठीवर, पंप आणि शर्टाच्या मध्ये, खताच्या नव्या कोऱ्या गोणीच्या आतलं प्लास्टिक कापून बांधा. डोक्याला कडा असलेली प्लास्टिकची टोपी, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. पँट गमबुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचली तर वरून ओघळलेलं बुटात साठतं. हातमोज्यांचंही तसंच. झाडं उंच असून लान्स खांद्याच्या वर धरत असाल तर मोजे बाहीच्या वर, खाली मारत असाल तर बाही मोज्यांच्या वर.

रुमालाबद्दल पुन्हा सांगतो. भिजलेला रुमाल म्हणजे नाकातोंडावर बांधलेला औषधाचा पोटीस. भिजला की लगेच बदला. वास येणाऱ्या ईसी औषधांसाठी कोळशाच्या डबीचा मास्कच लागतो. तो घातल्यावर आतून वास यायला लागला की डबी संपली असं समजायचं.

वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारनंतर. वारा अजिबात नसतानाही मारू नका, धुकं पिकावरच तरंगत राहतं. पानं हलतील एवढी झुळूक चांगली.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. लघवीला जाण्याच्या आधी हात साबणाने धुवायचे. वर दिलेले आकडे बघितले की कारण लक्षात येईल. आणि खर्रा, तंबाखू, बिडी फवारणीच्या कपड्यांच्या खिशात ठेवायचीच नाही. खर्रा घोटणारं बोट आणि औषध मोजणारं बोट एकच असतं.

ग्रामीण_दवाखाना

वैद्यकीय बाजू लिहिते. इथे वाचून उपचार करायचे नाहीत, ओळखायला शिकायचं.

ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, क्लोरपायरिफॉस. हे शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर बंद करतात. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं अशी होते. मग लाळ गळते, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, पोटात मुरडा, जुलाब, आणि पापण्या-मांड्यांचे स्नायू आपोआप फडफडतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. "ऊन लागलं" म्हणून माणसाला झाडाखाली झोपवतात तिथे वेळ जातो. उन्हाने तोंड कोरडं पडतं, इथे लाळ आणि छातीत घरघर असते. शंका असली तरी विषबाधाच समजून निघा.

निघण्याआधी: फवारणी थांबवा, सगळे कपडे अंतर्वस्त्रांसकट काढा, साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. केस, कानामागे, नखं, काखा, जांघा विसरू नका. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. गाडी आधीच आली असेल तर कपडे काढून निघा, उरलेलं धुणं दवाखान्यात होईल. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर. बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत आणा, मिश्रण असेल तर सगळ्या बाटल्यांचा. अॅम्ब्युलन्ससाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं, आमच्यासारखे डॉक्टरही तिथे विचारतात.

बाटल्या का मागतो ते सांगते. ऑर्गॅनोफॉस्फेटला अॅट्रोपिन चालतं. ते लाळ-घरघर थांबेपर्यंत, छाती मोकळी होईपर्यंत वाढवत न्यावं लागतं. सोबत पाम नावाचं दुसरं उतारा औषध देतात, पण ते लवकर द्यावं लागतं, आणि प्रोफेनोफॉसमध्ये त्याचा फार उपयोग होत नाही कारण विकर फार लवकर कायमचं निकामी होतं. डायफेनथ्युरॉन किंवा सायपरमेथ्रीनला उतारा औषध नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. चार औषधं एकत्र मारून आलेला आणि एकाचंही नाव न सांगणारा रुग्ण म्हणजे आम्ही अंधारात चाचपडतो.

दुसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून हट्टाने घरी नेऊ नका. २४ ते ९६ तासांत मान उचलता न येणं, दंड-मांड्या ढिल्या पडणं आणि श्वास मंदावणं असा एक टप्पा येऊ शकतो. त्या वेळी श्वासाचं यंत्र जवळ असावं लागतं.

तूर_आंतरपीक

दूध किंवा तूप पाजलं तर विष उतरतं असं आमच्याकडे पक्कं मानतात. मिठाचं पाणी देऊन उलटीही करवतात.

ग्रामीण_दवाखाना

दोन्ही करू नका. यातली बरीच औषधं तेला-तुपात विरघळणारी आहेत, तुपाने ती उतरत नाहीत. शिवाय कातडीतून गेलेल्या औषधाला पोटात काही देऊन उपयोगही नसतो. उलटी करवताना ईसीतलं द्रावक फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं सगळंच श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पॅराक्वॅट तणनाशक चुकून एक घोट जरी गेलं तरी तक्रार नसताना तातडीने आणा. त्याला उतारा नाही. पहिल्या दिवशी फक्त तोंड-घसा जळतो, किडनी आणि फुप्फुसं नंतर जातात. हे बहुतेक वेळा पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत काढून ठेवल्यामुळे होतं. औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही काढायचं नाही, शेजाऱ्याला अर्धं द्यायचं असेल तरीही.

वऱ्हाडी_रान

रोजंदारीवर फवारा मारणारे गडी महिनाभर रोज मारतात. त्यायले एखाद्या दिवशी काही होत नाही, अन् मंग अचानक पडतात. असं काऊन?

ग्रामीण_दवाखाना

फार महत्त्वाचा प्रश्न. रक्तपेशींमधलं कोलिनएस्टरेज एकदा निकामी झालं की दिवसाला साधारण एक टक्का एवढ्याच गतीने भरून येतं. रोज थोडं थोडं कमी होत गेलं तर बाहेरून काही दिसत नाही, मग एखाद्या दिवशी नेहमीचाच फवारा मारून माणूस पडतो. म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट मारणारा गडी सलग ठेवू नका, आलटून पालटून माणसं लावा. हंगामाच्या सुरुवातीला फवारणीआधी एकदा रक्ततपासणी करून ठेवली तर नंतर तुलना करता येते. डोकेदुखी सुरू झालेल्या गड्याला "उरलेले दोन पंप मारून घे" म्हणू नका.

नोझल_आणि_दाब

मालक आणि मजूर यात आणखी एक फरक आहे, तो बोलायलाच हवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा बसते, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. पाठीवर पंप घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो. त्याला एप्रन, मोजे, साबण, पाणी देणं हे काम देणाऱ्याचंच आहे. बांधावर पिण्याच्या पाण्याशिवाय धुण्याचं वेगळं वीस-पंचवीस लिटर पाणी आणि साबण नसेल तर फवारणी सुरूच करायची नाही.

खरेदीचं पक्कं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत हवी. लेबलवरचा तिरका चौकोन बघा. खालचा त्रिकोण लाल असेल तर उंदराला तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत प्राणघातक, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या वर. हा रंग बाटलीतल्या औषधाचा आहे, तुम्ही केलेल्या मिश्रणाचा नाही. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासून बंद होतं, ३६ एसएल बंद करण्याचा आदेशही २०२३ मध्ये निघाला. गोठ्यात जुना डबा सापडला तर "वाया कशाला घालवायचा" म्हणून मारू नका आणि नाल्यातही ओतू नका. झाकण घट्ट करून कुलपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा.

द्राक्ष_तासगाव

आमच्याकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने मारतात, त्यामुळे वर लिहिलेलं थोडं बदलतं. ब्लोअरचं धुकं बारीक असतं, म्हणजे इथे श्वासाचा धोका खरोखर आहे आणि डबीचा मास्क हवाच. मांडवाखाली धुकं कोंडून राहतं. टाकी भरणारा माणूस आणि ट्रॅक्टर चालवणारा वेगळा ठेवा, म्हणजे भरताना माखलेले मोजे स्टिअरिंगला लागत नाहीत. बाकी क्रम तोच.

चूल_आणि_शेत

घराकडचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. फवारणीचे कपडे बाई धुते आणि तिच्या हातात मोजे नसतात.

ते कपडे शेतातच काढून वेगळ्या पिशवीत आणावेत. घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, लहान मुलांच्या तर नाहीच. मोजे घालून वेगळ्या बादलीत आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि साबणाच्या पावडरीने दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. ते पाणी विहीर, हातपंप किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. बाटलीतलं औषध ज्या शर्टावर सांडलं तो धुवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. रोजच्या रोज धुवायचे, दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घातला की कालचं औषध आजच्या घामाने आत जातं.

रिकामी बाटली चौथा भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीनदा. त्यामुळे औषधही वाया जात नाही. मग तळाला भोकं पाडायची, म्हणजे कोणी तेल-रॉकेल भरायला नेणार नाही. चुलीत किंवा बांधावर जाळू नका.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांबद्दलही सांगते. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फीन वायू निघतो. माणसं झोपतात त्या घरात, त्या खोलीला लागून असलेल्या कोठीत, ती ठेवायचीच नाही. सामान्य शेतकऱ्याला ती विकायला परवानगीही नाही. बियाण्यासाठी किंवा घरच्या तुरीसाठी ऊन देऊन कडुनिंबाचा पाला आणि हवाबंद कोठी पुरते.

तूर_आंतरपीक

वेचणीवाल्या बाया फवारणीनंतर किती दिवसांनी घालायच्या?

काळी_माती

लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यातलं अंतर दिलेलं असतं, कापसाच्या रकान्यात बघा. ते औषधागणिक वेगळं असतं, त्यामुळे एक आकडा सांगता येत नाही. ते अंतर संपल्याशिवाय वेचणी नाही. बोंडं फुटायला लागल्यावर जास्त अंतराचं औषध निवडूच नका.

वेचणी सोडून इतर कामाला, निंदणाला किंवा पाणी द्यायला जायचं असेल तरी फवारा पूर्ण वाळल्यावर, किमान दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर. सकाळी दव असताना अजिबात नाही. दवाने पानावरचं वाळलेलं औषध पुन्हा ओलं होतं आणि ओल्या पदराला, दंडाला लागतं. लेबलवर यापेक्षा जास्त वेळ लिहिलेला असेल तर तोच पाळायचा. फवारलेल्या शेताच्या वाटेवर काठीला लाल फडकं बांधून ठेवा आणि शेजारच्या बांधकऱ्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्याची गुरं आणि माणसं तिकडे फिरकणार नाहीत. तुरीचं आंतरपीक फुलावर असेल तर मधमाश्या दिवसभर तिथे असतात, तेव्हा फवारा संध्याकाळी उशिरा मारा.

वऱ्हाडी_रान

लाल फडक्याचं पटलं. उद्याच गुंठा आखून पाणी मोजतो, साध्या पाण्याचं. आकडा इथंच टाकतो, मंग डोस काढून द्या.

नोझल_आणि_दाब

नक्की टाका. सोबत तीन गोष्टी लिहा: औषधाच्या लेबलवरची हेक्टरी मात्रा, टाकी किती लिटरची आणि पंप सिंगल मोटर की डबल. पीक किती उंच आहे तेही.